बर्फाचा पाऊस आणि घरातली शेगडी

आपल्याकडे थंडी पडली म्हणजे काय होतं? निफाडला पारा चार-पाच अंशांवर आला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात द्राक्षबागेत पेटवलेल्या शेकोटीचं छायाचित्र येतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठलं की पुण्याहून गाड्या निघतात. मी मूळची साताऱ्याची. थंडी म्हणजे कानटोपी, हुरडा आणि सकाळी चुलीपुढे बसायला मिळणारी दहा मिनिटं, एवढीच माझी समजूत होती. ती समजूत मोडली जानेवारी १९९८ मध्ये, कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहराजवळ. तिथे त्या आठवड्यात जो बर्फाचा पाऊस पडला, त्याची गोष्ट मला आज सांगायची आहे. गोष्टीत थोडं पदार्थविज्ञान आहे. मी शाळेत तोच विषय शिकवत असे. तरीही त्या आठवड्यात माझ्या हातून जी चूक झाली ती पदार्थविज्ञान न शिकलेल्या माणसाकडूनही होऊ नये अशी होती. तीही सांगणार आहे.

माझ्या यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही तिकडे होतो. मॉन्ट्रियल हे सेंट लॉरेन्स नदीतलं एक बेट आहे आणि आमचं घर नदीच्या दक्षिण काठावरच्या वस्तीत होतं. मुलगा सहा वर्षांचा. त्या हिवाळ्यात माझ्या सासूबाई साताऱ्याहून पहिल्यांदाच आमच्याकडे आल्या होत्या. येताना त्यांनी एक आख्खी बॅग भरून खाऊ आणला होता. बेसनाचे लाडू, चिवडा, मेतकूट आणि पुढे येणाऱ्या संक्रांतीसाठी तीळगूळ. विमानतळावर ती बॅग उघडायला लावली तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण पुढे त्याच बॅगेने आम्हाला तारलं.

आता तुम्ही म्हणाल, कॅनडात बर्फ पडला यात नवल ते काय? नवल आहे. मराठीत आपण सगळ्यालाच बर्फ म्हणतो, पण भुरभुर पडतं ते हिम वेगळं आणि हा बर्फ वेगळा. हिम कापसासारखं असतं. त्यात बरीचशी हवाच असते. फावड्याने ओढता येतं, मुलांना त्यात लोळता येतं. तिथल्या लोकांना त्याचं काही वाटत नाही. ते घाबरतात ते दुसऱ्याच गोष्टीला. तिला तिथल्या फ्रेंच बोलणाऱ्या लोकांत ‘व्हेर्गला’ म्हणतात. आपण गोठता पाऊस म्हणू. हा आकाशातून पाणी म्हणूनच पडतो आणि ज्याला शिवेल त्यावर काचेसारखा गोठतो.

ही गारपीट नव्हे. गार वर ढगातच तयार होते आणि आपल्याकडे ती उन्हाळ्याच्या तोंडावर वळवाबरोबर येते. गोठत्या पावसाचं तंत्र निराळं आहे. एरवी जसजसं वर जावं तसतशी हवा थंड होते. पण कधीकधी जमिनीलगत शून्याखालची थंड हवा साचलेली असते आणि तिच्या डोक्यावरून दक्षिणेकडून आलेली उबदार, दमट हवा पसरते. म्हणजे थंड गादीवर गरम दुलई. आणखी वरून पडणारं हिम या दुलईतून जाताना वितळतं, त्याचे थेंब होतात. ते थेंब खालच्या थंड थरात शिरतात. हा थर जाड असेल तर थेंब वाटेतच गोठतात आणि साबुदाण्यासारखे कण खाली पडतात. त्यांनी फारसं बिघडत नाही. पण थर पातळ असेल तर थेंबांना गोठायला सवड मिळत नाही. त्यांचं तापमान शून्याखाली जातं, पण ते पाणीच राहतात.

शून्याखाली जाऊनही पाणी पाणीच कसं राहतं? गोठायला सुरुवात करण्यासाठी त्याला काहीतरी निमित्त लागतं, एखादा धुळीचा कण, एखादा पृष्ठभाग. फ्रीझरमध्ये न हलवता ठेवलेली पाण्याची बाटली कधीकधी पातळ दिसते आणि बाहेर काढून आपटली की डोळ्यांदेखत गोठते, हे काहींनी पाहिलं असेल. पावसाचा तो थेंब असाच निमित्ताला टेकलेला असतो. तार, फांदी, गाडीची काच, माणसाचा कोट, जे मिळेल त्याला शिवला की तिथेच थिजला.

मॉन्ट्रियलच्या भागात हे दर हिवाळ्यात काही दिवस होतंच. सेंट लॉरेन्सचं खोरं एखाद्या पन्हळीसारखं आहे. ईशान्येकडून येणारी थंड हवा त्या पन्हळीत सरकून बसते आणि उबदार हवा वरून जाते. पण असा पाऊस एरवी काही तासांत आटोपतो. १९९८ च्या जानेवारीत उत्तरेची थंड हवा हलेना आणि मेक्सिकोच्या आखाताकडून येणारी दमट हवा थांबेना. सोमवारी, ५ तारखेला सुरू झालेला पाऊस थांबत थांबत शनिवारपर्यंत पडत राहिला. तासांचा हिशेब केला तर ऐंशीच्या वर तास. काही ठिकाणी शंभर मिलिमीटरच्या आसपास. कोकणातल्या माणसाला शंभर मिलिमीटर म्हणजे जुलैतला एक साधा दिवस. पण कोकणातलं पाणी वाहून जातं, हे जागच्या जागी राहिलं. ते वर्ष एल निनोचं होतं म्हणून पुष्कळ लोक त्याच्यावर खापर फोडत होते. एकट्यादुकट्या वादळाचा दोष असा एल निनोच्या पदरात टाकता येत नाही, पण लोकांना कुणीतरी लागतंच.

मी वर्गात मुलांना नंतर एक गणित घालत असे. अडीच सेंटिमीटर जाडीची विजेची तार घ्या. तिच्याभोवती सगळीकडून एक सेंटिमीटर बर्फ चढला तर दर मीटरला वजन किती वाढेल? उत्तर येतं साधारण एक किलो. बर्फ तीन सेंटिमीटर झाला तर? मुलं पटकन म्हणायची, तीन किलो. नाही, पावणेपाच किलो. कारण तार जसजशी जाड होते तसतसा बर्फाला चढायला घेरही वाढतो. दोन मनोऱ्यांमधलं अंतर तीनशे मीटर धरलं तर एका तारेवर जवळजवळ दीड टन. आणि मनोऱ्यावर एकच तार नसते. एक मनोरा वाकला की त्याच्या तारा शेजारच्याला ओढतात, तो त्याच्या शेजारच्याला. पत्त्यांचा बंगला कोसळावा तशी मनोऱ्यांची ओळच्या ओळ कोसळते. त्या आठवड्यात शेकडो पोलादी मनोरे आणि हजारो लाकडी खांब पडले. एकट्या क्यूबेक प्रांतात चौदा लाखांच्या आसपास वीजग्राहक अंधारात गेले. ग्राहक म्हणजे घर. माणसं मोजली तर तीस लाखांच्या वर.

पहिल्या दिवशी यातलं काहीच डोक्यात नव्हतं. सकाळी उठून पाहतो तो दारातल्या मेपलच्या झाडाला काच चढलेली! प्रत्येक काडी वेगळी, प्रत्येक काडीच्या आत लालसर कळी दिसतेय. मुलगा तर नाचायलाच लागला. सासूबाईंनी खिडकीतून हात जोडले. “देवाचं झुंबर आहे गं,” म्हणाल्या. दिवेलागणीला रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात ते झाड असं काही दिसत होतं की आम्ही जेवण सोडून पाहत बसलो.

मंगळवारी रात्री आवाज सुरू झाले. फांदी मोडताना बंदुकीच्या बारासारखा आवाज व्हायचा आणि मागोमाग काचांचा ढीग कोसळल्यासारखा खळखळाट. मध्येच क्षितिजावर निळा-हिरवा लखलखाट होई. ती वीज नव्हती, ट्रान्सफॉर्मर उडत होते. नवाच्या सुमारास आमच्या घरातला उजेड दोनदा मिटमिटला आणि गेला. मी मेणबत्ती शोधली. यजमान म्हणाले, तासाभरात येतील. ते आले बारा दिवसांनी.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. क्यूबेकमध्ये मोठमोठ्या नद्यांवर जलविद्युत आहे, त्यामुळे वीज स्वस्त. म्हणून तिथली बहुतेक घरं विजेवरच तापवतात. भिंतीच्या तळाशी लांबट हीटर असतात. स्वयंपाकाची शेगडी विजेची, पाण्याचा बंब विजेचा. आपल्याकडे लाइट गेले म्हणजे पंखा जातो. तिथे लाइट गेले म्हणजे चूल, बंब आणि ऊब तिन्ही एकदम जातात. घरं मात्र उत्तम बांधलेली. भिंतीत लोकरीसारखं आवरण, दुहेरी काचा, दाराच्या फटीला रबर. जणू थर्मासच. त्यामुळे थंडी हळूहळू आत शिरते. बुधवारी सकाळी घरात चौदा अंश, संध्याकाळी अकरा, गुरुवारी आठ.

गुरुवारी संध्याकाळी सासूबाईंचे हात कापायला लागले. मुलगा दोन स्वेटर, कोट घालून अंथरुणात. आश्रयकेंद्र एका शाळेत उघडल्याचं ट्रान्झिस्टरवर सांगत होते, पण रस्त्यावर चालणं अशक्य. यजमान कोपऱ्यापर्यंत जाऊन दोनदा पडून परत आले होते. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “अगं, शेगडी का नाही पेटवत?” आमच्याकडे उन्हाळ्यात अंगणात कणसं भाजायची एक छोटी लोखंडी शेगडी होती आणि अर्धं पोतं कोळसा. “बाहेर पेटव, धूर गेला, निखारा झाला की आत आण. तुझ्या नवऱ्याच्या वेळी बाळंतिणीच्या खोलीत चाळीस दिवस शेगडी होती. काही झालं का?”

मला ते पटलं. खरं सांगते, सगळं शिक्षण त्या आठ अंशांत गोठून गेलं होतं. आम्ही व्हरांड्यात कोळसे फुलवले. धूर पूर्ण गेला, लालबुंद निखारे झाले, तेव्हा शेगडी परातीत ठेवून खोलीत आणली. ऊब जाऊ नये म्हणून दाराच्या खालच्या फटीत टॉवेलही कोंबला. दहा मिनिटांत हात सैल झाले. सासूबाईंनी रामरक्षा म्हटली. चार दिवसांत पहिल्यांदा बरं वाटत होतं.

तासाभराने माझं डोकं दुखू लागलं. वाटलं, दिवसभराचा शीण. यजमान म्हणाले, मळमळतंय, तो जुना चिवडा बाधला. मुलगा झोपला होता. त्याला पांघरूण घालायला उठले तर पाय कापसाचे झाले होते. इतक्यात दारावर थापा. शेजारचे गृहस्थ, सत्तरीचे, पायाला लोखंडी काटे बांधून आले होते. त्यांच्याकडे लाकडं जाळायची जुनी भट्टी होती, धुराडं असलेली. आमच्याकडे म्हातारं माणूस आणि मूल आहे, तर आमच्याकडे या, हे सांगायला आले होते. खोलीचं दार उघडलं आणि ते शेगडीकडे बघून ओरडलेच. मला फ्रेंच बेताचं येत असे, पण ते काय ओरडले ते समजायला भाषेची गरज नव्हती. त्यांनी परात उचलून शेगडी दाराबाहेर बर्फात फेकली, खिडक्या उघडल्या आणि मुलाला उचललं. मुलगा उठेना. हलवलं, हाका मारल्या. बाहेरच्या हवेत नेल्यावर काही वेळाने त्याला उलटी झाली आणि तो रडला. त्या रडण्याइतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही. बंबवाले तासाभराने वाळू टाकत टाकत पोचले. त्यांनी सगळ्यांना प्राणवायू दिला. पहाटेपर्यंत मुलगा पाणी मागू लागला.

आता ही चूक नीट उलगडून सांगते, कारण ती आपल्याकडेही दर हिवाळ्यात होते. कोळसा पुरेशा हवेत जळला की कार्बन डायऑक्साइड होतो. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड. या वायूला रंग नाही, वास नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं. पण प्राणवायूपेक्षा या वायूला ते दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतं. म्हणजे गाडीतल्या सगळ्या जागा हाच अडवून बसतो आणि प्राणवायू फलाटावर राहतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं, झोप येते. माणसाला वाटतं ताप येणार, किंवा खाल्लेलं बाधलं. झोपला तर झोपेतच जातो. मुलांचा श्वास जलद, म्हणून ती आधी सापडतात. घरातल्या सगळ्यांचं एकाच वेळी डोकं दुखू लागलं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर चिवड्याला दोष देऊ नये.

आणि सासूबाईंचं काय चुकलं? त्यांचा अनुभव खोटा नव्हता. साताऱ्याच्या त्या घराला कौलं होती, दाराखालून मांजर जाईल एवढी फट होती. शेगडीचा वायू कौलांतून निघून जात होता. बाळंतिणीला वाचवलं ते कौलांनी. आमचं घर थर्मास होतं, आणि वर मी टॉवेल कोंबला. दुसरा भ्रम धुराचा. धूर म्हणजे विष आणि निखारा म्हणजे निर्धोक, असं आपण समजतो. लाल निखाऱ्यातून तो वायू भरपूर निघतो, फक्त तो दिसत नाही. आता आपल्याकडेही सरकत्या खिडक्यांचे बंद फ्लॅट झाले आहेत. सहलीला मनाली-काश्मीरकडे जाणारी मंडळी हॉटेलच्या खोलीत शेगडी मागवतात. ती झोपण्याआधी बाहेर ठेवा आणि खिडकीला चार बोटं फट ठेवा. गॅसगीझर लावलेल्या बंद न्हाणीघरातही हेच घडतं. त्या वादळात कॅनडात तीस-पस्तीस माणसं गेली. कुणी थंडीने, कुणी छपरावरचा बर्फ काढताना पडून, कुणी आगीत, आणि बरीच या वायूने. काहींनी जनित्र तळघरात चालवलं होतं, काहींनी आमच्यासारखी शेगडी.

पुढचे दिवस आम्ही शेजाऱ्यांच्या घरी काढले. एका खोलीत अकरा माणसं आणि एक कुत्रा. गृहस्थांची पत्नी, आम्ही तिला नुसतं मादाम म्हणत असू, या साऱ्याची सेनापती होती. तिची पहिली आज्ञा, सगळ्यांनी एकाच खोलीत राहायचं. बाकीच्या खोल्यांची दारं बंद, चौकटींवर पांघरुणं टांगलेली. माणूस स्वतःच एक छोटा हीटर असतो. अकरा माणसं आणि कुत्रा म्हणजे बऱ्यापैकी भट्टी.

दुसरी आज्ञा कपड्यांची. एक जाड कोट घालण्यापेक्षा तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत, कारण ऊब धरून ठेवते ती मधली हवा. अंगाला लागून सुती नको. घाम किंवा पाणी लागलं की सुती कापड ओलं राहतं आणि अंगातली ऊब ओढून घेतं. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब देते. सासूबाईंनी स्वतः विणलेल्या बिनबाह्यांच्या स्वेटरला, ज्याला आम्ही घरात हसत असू, मादामने बोटांनी चाचपून दाद दिली. कानटोपीलाही.

तिसरी गोष्ट खाणं. कुडकुडणं हा शरीराचा व्यायामच असतो, त्याला जळण लागतं. दर दोन तासांनी काहीतरी गोड-स्निग्ध पोटात गेलं पाहिजे. बेसनाच्या लाडवाइतकं याला योग्य अन्न मला माहीत नाही. सासूबाई रोज सकाळी प्रत्येकाला एक लाडू देत, मोजून. गृहस्थांनी ऊब यावी म्हणून ब्रँडीची बाटली काढली तेव्हा मादामने ती परत कपाटात ठेवली. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे ऊब वाटते, पण आतली उष्णता बाहेर जाते.

नळांचं काम यजमानांकडे आलं. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि नळ फोडतं. गंमत अशी की नळ फुटल्याचं तेव्हा कळत नाही, बर्फच बूच होऊन बसतो. बर्फ वितळला की घरात धबधबा. आमच्या रिकाम्या घरात जाऊन त्यांनी मुख्य तोटी बंद केली, सगळे नळ उघडून पाणी काढून टाकलं. शेजाऱ्यांच्या घरात एक नळ बारीक धारेने चालू ठेवला, कारण वाहतं पाणी सहज गोठत नाही. जाताना-येताना एकच दंडक, लोंबणाऱ्या तारेजवळ जायचं नाही. मेलेली वाटणारी तार केव्हा जिवंत होईल सांगता येत नाही. कुणी आपलं जनित्र घराच्या वायरिंगला जोडलं तर ती वीज उलटी तारेत जाते आणि खांबावर चढलेला वायरमन मरतो. चालायचं ते बदकासारखं, पाय फाकवून, छोटी पावलं टाकत, हात खिशाबाहेर.

शनिवारी पाऊस थांबला, आणि मग खरी थंडी आली. पुढल्या आठवड्यात पारा उणे वीसच्या आसपास उतरला. सैन्य आलं होतं. सोळा हजारांच्या आसपास सैनिक या कामावर होते. कोरियाच्या युद्धानंतर कॅनडाने एवढं सैन्य एका कामाला लावलं नव्हतं म्हणतात. ते घरोघर दार ठोठावत. आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारे एकटे राहत. कितीही सांगितलं तरी घर सोडायला तयार नव्हते. सैनिकांनी दार उघडलं तेव्हा ते खुर्चीत बसलेले, अंगातला स्वेटर काढून बाजूला ठेवलेला, आणि जड जिभेने म्हणत होते की मला उकडतंय.

हे लक्षण ओळखता आलं पाहिजे. आपल्या शरीराचं तापमान सदतीसच्या आसपास. ते पस्तीसच्या खाली गेलं की धोका सुरू. आधी जोराने कापरं भरतं. ती चांगली खूण, शरीर लढतंय. मग बोटं ऐकेनाशी होतात, बटण लागत नाही, बोलणं अडखळतं, माणूस चिडतो किंवा गप्प होतो. त्यानंतर कापरं थांबतं. बघणाऱ्याला वाटतं, बरं वाटतंय याला. तीच वेळ भयंकर. शेवटी शेवटी काहींना उकडल्याचा भास होतो आणि ते कपडे काढतात. अशा माणसाला हातपाय चोळून चालवू नये. ओले कपडे काढावेत, कोरड्यात गुंडाळावं, छाती-पोटाला आधी ऊब द्यावी, शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर कोमट गोड पेय द्यावं आणि लगेच दवाखाना. बधिर, पांढऱ्या पडलेल्या बोटांना बर्फ चोळण्याची जुनी रीत तर साफ सोडावी. ते म्हातारे वाचले. वसंतात मी त्यांना दारात खुर्ची टाकून बसलेलं पाहिलं.

शहराच्या गोष्टी ट्रान्झिस्टरवरून कळत. शुक्रवारी मॉन्ट्रियलच्या पाणीशुद्धीकरण केंद्रांची वीज गेली होती आणि एवढ्या मोठ्या शहराला काही तासांचंच पाणी उरलं होतं. आमच्या काठावरून बेटावर जाणारे पूल काही काळ बंद होते. गोठ्यांचे हाल वेगळे. तिथे गाई यंत्राने पिळतात. वीज नाही तर धार नाही, आणि धार काढली नाही तर गाय आजारी पडते. शेतकरी एकच जनित्र ट्रॅक्टरवर घालून या गोठ्यातून त्या गोठ्यात नेत, आणि काढलेलं दूध पुष्कळदा ओतून देत, कारण रस्ते बंद, डेअऱ्या बंद. सासूबाईंना सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते याचं. पण मुलाला आवडलेली बातमी बूशरव्हिल गावाची. तिथल्या लोकांनी रेल्वेचं एक डिझेल इंजिन रुळांवरून उतरवून डांबरी रस्त्याने नगरपालिकेपर्यंत चालवत नेलं आणि त्याच्या विजेवर कचेरी चालवली. रस्त्यावर चाकांच्या चऱ्या पडल्या. तो आठवडाभर इंजिनाचीच चित्रं काढत होता.

चौदा तारखेला संक्रांत आली. सासूबाईंनी सकाळी केस विंचरले, काळी साडी नेसायला मिळत नाही म्हणून काळी शाल घेतली, आणि तीळगुळाचा डबा घेऊन मादामपुढे उभ्या राहिल्या. मराठीत म्हणाल्या, “तिळगूळ घ्या, गोड बोला.” मादामने फ्रेंचमध्ये काहीतरी उत्तर दिलं. मग सासूबाई गृहस्थांकडे गेल्या. त्यांच्या हातावर लाडू ठेवला आणि काही न बोलता वाकून त्यांना नमस्कार केला. वयाने त्या बरोबरीच्याच. गृहस्थ गोंधळले, त्यांनी घाईघाईने डोक्यावरची टोपी काढली. शेगडीच्या त्या रात्रीबद्दल सासूबाई नंतर कधी एक शब्द बोलल्या नाहीत. मीही काढला नाही.

आमच्याकडे वीज रविवारी, १८ तारखेला आली. आमच्या दक्षिणेला सॅन-ईआसँत, ग्रानबी आणि सॅन-जाँ या गावांमधल्या मुलखाला लोक ‘काळा त्रिकोण’ म्हणू लागले होते. तिथे काही घरांना महिन्याच्या वर वाट पाहावी लागली. पुढे मनोऱ्यांच्या ओळींत ठरावीक अंतरावर जास्त मजबूत मनोरे घातले, म्हणजे कोसळायला लागलं तरी ओळ तिथे थांबावी. तारांवरचा बर्फ विजेनेच तापवून वितळवायची यंत्रणाही क्यूबेकने एका ठिकाणी उभारली. दारातलं मेपल मधोमध चिरलं होतं. आम्ही ते काढून टाकायचं ठरवलं, पण एप्रिलमध्ये अर्ध्या भागाला पालवी फुटली, म्हणून राहू दिलं. मी मात्र पहिल्या पगारात कार्बन मोनॉक्साइड ओळखणारी भोंग्याची डबी आणली. ती सासूबाईंच्या खोलीत लावली. त्या तिला ‘यमाची घंटी’ म्हणत आणि रोज रात्री तिचा बारीक दिवा लागलाय ना, ते बघूनच आडव्या होत.

आम्ही पुण्याला परतून बरीच वर्षं झाली. सासूबाई आता नाहीत. मुलगा शिकायला पुन्हा तिकडेच गेला आणि तिथेच राहिला. ५ एप्रिल २०२३ ला मॉन्ट्रियलवर पुन्हा असाच गोठता पाऊस आला. एकाच दिवसाचा, पण दहा लाखांवर ग्राहकांची वीज गेली. आमच्याकडे मध्यरात्र उलटली होती, तेव्हा त्याचा फोन आला. मी काही विचारायच्या आतच म्हणाला, “शेगडी नाही, डबी चालू आहे, शेजारच्या आजींकडे जाऊन आलोय. थंडी फार नाही गं, आता फक्त फ्रीजमधल्या आमटीचं काय करू ते सांग.”